पुस्तक-भिशी: थंडीतल्या चार बैठकांना कुठलं पुस्तक आणि डब्यात काय?

गवतीचहा

मंडळी, आठ जणांच्या पुस्तक-भिशीसाठी सल्ला हवा आहे. महिन्याला एक पुस्तक सगळ्यांनी वाचायचं आणि ज्याची पाळी त्याने त्या पुस्तकाच्या मुलखातला एखादा घरगुती पदार्थ करून आणायचा, असा प्रकार आहे. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष आणि माघ अशा चार बैठका ठरवायच्या आहेत. पुस्तक आणि पदार्थ जोडीनेच सुचवा.

पुस्तक गेल्या दहा-बारा वर्षांतलं हवं आणि नोकरी सांभाळून महिन्यात संपायला हवं. पदार्थ लोकलने तासभर प्रवास करून पोचणार. खोलीवर गॅस नाही, पाणी तापवायची विजेची किटली तेवढी आहे. दोघींचा चातुर्मास चंपाषष्ठीपर्यंत चालतो, म्हणजे पहिल्या बैठकीला कांदा, लसूण, वांगं बाद. मांसाहारी चार, शाकाहारी चार, त्यामुळे डबा शाकाहारीच. निम्मी पुस्तकं वाचनालयाची असतात, तेव्हा रश्शाने पानं रंगणार नाहीत तेही बघायचंय.

कृती प्रमाणासकट द्या ही विनंती. 'अंदाजे मीठ' चालेल, 'अंदाजे पीठ' नको.

---

सुईदोरा

पहिल्या बैठकीला देविदास सौदागर यांची 'उसवण' घ्या. २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला. लेखक तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम केलेले. तयार कपड्यांनी बाजार भरला आणि गावातल्या शिंप्याचं मशीन हळूहळू बंद पडत गेलं, त्याची ही गोष्ट. कादंबरी छोटी आहे. ज्यांचं वाचन मधल्या काळात सुटलंय त्यांचीही दोन-तीनदा बसून वाचून होईल. भाषा बोलण्यातली आहे, पण तिचा वेग शिलाई मशीनसारखा आहे: थांबली की एकदम थांबते.

सोबत धपाटे. मराठवाड्यात प्रवासाला धपाटेच बांधून देतात, आणि ते थापायचे ओल्या फडक्यावर असतात, म्हणजे शिंप्याच्या गोष्टीला शोभतातही.

आठ जणांना वीस-बावीस धपाटे: ज्वारीचं पीठ ४ वाट्या, बेसन १ वाटी, कणीक १ वाटी, तीळ ३ चमचे, ओवा १ चमचा, हळद अर्धा चमचा, आंबट दही पाऊण वाटी, बारीक चिरलेली मेथी २ वाट्या. वाटणात ८-१० हिरव्या मिरच्या, दोन चमचे जिरं आणि इंचभर आलं. एरवी ह्यात लसूण हवाच, पण चातुर्मासाला आलं आणि ओव्यावर भागतं. कांदा नाही हे तर बरंच झालं. कांद्याचे धपाटे दुपारपर्यंत ओलसर होऊन वास धरतात, हे दुसऱ्या दिवशीही चांगले राहतात.

मेथी चिरून आधी मीठ लावून ठेवू नका. तिला पाणी सुटतं, मग पीठ सैल होतं, मग आपण वरून कोरडं पीठ घालतो आणि धपाटे कडक होतात. सगळं कोरडं एकत्र करा, दही आणि वाटण घाला, लागेल तसं कोमट पाणी घेऊन भाकरीच्या पिठापेक्षा जरा सैल मळा. सगळं एकदम मळायचं नाही. सहा-सात धपाट्यांपुरतंच मळा, ते थापून झाले की पुढचं.

फडकं जुनं, धुवट, सुती. कोऱ्या कापडाला खळ असते, त्याला पीठ चिकटतं. फडकं भिजवून घट्ट पिळा, पोळपाटावर पसरा, ओल्या हाताने गोळा थापा, मध्ये बोटाने एक भोक पाडा. फडक्यासकट उचलून तापल्या तव्यावर उलटा टाका आणि वरून फडक्यावर पाण्याचा हात फिरवा, मग फडकं कडेने सोलत काढा. धपाटा फडक्यालाच चिकटून वर आला तर दोनच कारणं असतात: फडकं सुकलंय किंवा तवा पुरेसा तापलेला नाही. भोकात आणि कडेने तेल सोडा, मध्यम आचेवर दोन्ही बाजू भाजा.

थापताना कडा चिरत असतील तर पीठ जुनं आहे. ज्वारीचं पीठ महिनाभर पडून राहिलं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. अशा पिठात एक वाटी कणीक वाढवून वेळ मारून नेता येते, पण चव मऊ पोळीसारखी होते. आठवड्यातलं ताजं दळण आणा.

गार होईपर्यंत जाळीवर ठेवा, गरम गरम डब्यात रचलेत की वाफेने खालचे चार लगदा होतात. सोबत दही आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. ही चटणीही लसणाशिवाय करावी लागेल: शेंगदाणे, लाल तिखट, जिरं, मीठ, खलबत्त्यात कुटून. मिक्सर एकदम न फिरवता थांबत थांबत फिरवलात तरी चालतो, सलग फिरवलात तर तेल सुटून गोळा होतो.

---

तुरकाटी

मार्गशीर्षाची बैठक चंपाषष्ठीनंतरच्या रविवारी धरा आणि भरीत करा. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगं-कांदा सुरू करतातच, तुमच्या दोघी मैत्रिणी वाटच बघत असतील.

पुस्तक: शरद बाविस्कर यांचं 'भुरा', लोकवाङ्मय गृह, २०२१. आत्मकथन आहे. धुळ्याजवळच्या रावेरचा, दहावीत नापास झालेला मुलगा जेएनयूत फ्रेंच शिकवण्यापर्यंत कसा पोचला त्याचं. (हे रावेर धुळ्याकडचं. केळीवालं रावेर जळगाव जिल्ह्यात, बैठकीत हा घोळ हमखास होतो.) 'गरिबीतून वर आला' छापाचं समजून बाजूला ठेवू नका. लेखक स्वतःच्या शिकण्याकडे तत्त्वज्ञानाच्या अंगाने बघतो आणि आईबद्दल लिहिताना कुठेही गळा काढत नाही. मधली काही पानं विचारांच्या ओझ्याने जड झाली आहेत, तिथे वाचणारे अडतात. अडलात तर पुढे जा, परत या.

आता भरीत. आठ जणांना वांगी २ किलो. भाजून, सोलून, निथळून जेमतेम सव्वा किलो गर हातात येतो. खानदेशी भरताची वांगी लांबट-मोठी, फिकट हिरवी-पांढरी असतात. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. थंडीत मुंबई-पुण्याच्या मोठ्या मंडयांत ती येतात. घेताना हातात तोलून बघा. आकाराच्या मानाने हलकं ते घ्या, जड वांग्यात बिया जास्त. देठ हिरवा, ताजा हवा.

बाकी: कमी तिखट पोपटी मिरच्या १५, लसूण २ गड्डे, कांद्याची पात २ जुड्या, कोथिंबीर १ जुडी, शेंगदाणे अर्धी वाटी, सुक्या खोबऱ्याचे काप पाव वाटी, तेल अर्धी वाटी, मोहरी, जिरं, मीठ. हळद नाही, लाल तिखट नाही, टोमॅटो नाही, गरम मसाला तर नाहीच. कुणी टोमॅटो घातलात तर त्याला खानदेशी म्हणू नका, एवढंच मागणं.

खरं भरीत तुरकाट्या-पऱ्हाट्यांच्या, म्हणजे तूर-कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर होतं. फ्लॅटमध्ये गॅसवर जाळी ठेवा. वांग्याला सुरीने चार-पाच ठिकाणी टोचा, नाहीतर आत वाफ कोंडून ते फुटतं आणि शेगडीभर गर उडतो. एका चिरेतून आत डोकावून किडकं नाही ना तेही बघून घ्या. तेल लावायचं असेल तर अगदी बोटभर. मोठ्या आचेवर फिरवत बारा ते पंधरा मिनिटं, देठाजवळचा भागही दाबल्यावर मऊ लागला पाहिजे. तिथे कच्चं राहिलं तर पूर्ण भरताला तुरट चव येते. त्याच जाळीवर मिरच्याही भाजा.

भाजलेली वांगी झाकून दहा मिनिटं ठेवा, साल आपोआप सुटते. नळाखाली धरून सोलू नका, धुरकट वास सगळा पाण्यासोबत जातो. हात ओला करून सोला. गर चाळणीत पंधरा मिनिटं निथळत ठेवा. प्रवासाच्या भरताला ही पायरी गाळलीत तर डब्याच्या तळाशी काळं पाणी साठतं.

मग ठेचणं. तिकडे लाकडी बडगीत घोटतात. तुमच्याकडे खलबत्ता किंवा जाड बुडाचं पातेलं आणि लाकडी रवी, काहीही चालेल. मिक्सर नको. त्यात बिया फुटून कडवटपणा येतो आणि गर चिकट होतो. आधी मिरच्या, लसूण, मीठ ठेचा, मग गर घालून घोटा. तेल तापवून शेंगदाणे आणि खोबरं तांबूस तळा, मोहरी-जिरं तडतडवा, निम्मी पात परतून गर घाला आणि पाच-सात मिनिटं हलवा. उरलेली कच्ची पात आणि कोथिंबीर वेगळ्या डबीत न्या आणि वाढतानाच मिसळा.

सोबत कळण्याची भाकरी असते, पण तासाभराच्या प्रवासात ती वातड होते. म्हणून कळण्याच्या पुऱ्या करा. ४ वाट्या ज्वारी आणि १ वाटी अख्खे सालासकट उडीद, थोडं जाडं मीठ घालून एकत्र दळून आणा. गिरणीत गव्हानंतर लगेच दळायला देऊ नका, ज्वारीनंतर द्या. पीठ गरम पाण्याने मळून, प्लास्टिकच्या कागदावर थापून चांगल्या तापल्या तेलात तळा. आठ जणांना पस्तीस-चाळीस लागतील.

---

गवतीचहा

@तुरकाटी, उत्तम. दोन शंका. वांगी शनिवारी रात्री भाजून ठेवली तर? आणि उडीद घातल्यावर पीठ मळून ठेवता येतं का?

---

तुरकाटी

भाजून, सोलून गर फ्रिजमध्ये झाकून ठेवा, फक्त मीठ घालू नका. सकाळी पुन्हा निथळून फोडणी द्या. मिरची-लसूण मात्र सकाळीच ठेचा, रात्रभर गरात राहिला तर लसणाचा वास उग्र होतो.

कळण्याचं पीठ मळून ठेवू नका. उडदाने ते चिकट होत जातं आणि पुरी तेल पिते. मळलं की तळलं.

---

म्हसोबाचीवाडी

पौषासाठी कृष्णात खोत यांची 'रिंगाण'. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार. धरणाने उठवलेली माणसं आणि मागे राहिलेली, रानटी झालेली म्हैस. जनावर आणि माणूस समोरासमोर आलेत अशी पानंच्या पानं आहेत, आणि ती वाचताना धाप लागते. भाषा पन्हाळ्याकडची. पहिली वीस पानं मोठ्याने वाचा, कानाला लय सापडली की मग अडत नाही.

म्हशीच्या गोष्टीला खरवस. गोड आहे, पाण्यासारखा सांडत नाही, गारच खायचा, त्यामुळे किटलीचीही गरज नाही.

चीक, म्हणजे व्यायलेल्या म्हशीचं पहिल्या दोन-तीन दिवसांचं दूध, गवळ्याकडून आणा आणि 'कितव्या दिवसाचा' हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. सगळं गणित तिथे आहे. वासराला पहिल्या काही तासांत चीक पोटभर मिळायलाच हवा, त्यातून उरलेला तोच विकणाऱ्याकडून घ्या.

पहिल्या दिवसाचा चीक अर्धा लिटर असेल तर दूध पाऊण ते एक लिटर. दुसऱ्या दिवसाचा असेल तर अर्ध्या लिटरला पाव लिटर दूध. तिसऱ्या दिवसाच्या चिकात दूध घालूच नका, तरी तो सैलसरच लागतो. गूळ २५० ग्रॅम किंवा साखर २००, वेलची १ चमचा, अर्ध्या जायफळाची पूड, चिमूटभर मीठ.

चीक घट्ट होतो तो त्यातल्या प्रथिनांमुळे. उष्णता लागली की ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी आवळतात. म्हणून चीक जास्त आणि दूध कमी झालं की रबर, उलट झालं की पातळ खीर. पूर्ण भांडं लावायच्या आधी परीक्षा घ्या: दोन चमचे मिश्रण छोट्या वाटीत घेऊन पाच-सात मिनिटं वाफवा. वाटी तिरकी केल्यावर हललं नाही आणि चमच्याने सहज कापलं गेलं तर प्रमाण बरोबर. कडक वाटलं तर दूध वाढवा, पळत असेल तर चीक वाढवा. चीक संपला असेल तर पर्याय नाही, म्हणून थोडा मागे ठेवा.

गूळ गार दुधातच चिरून विरघळवा आणि मिश्रण गाळा. तापल्या दुधात गूळ पडला तर ते फाटतं. डब्यात तीन बोटांपेक्षा उंच भरू नका. कुकरच्या झाकणावरची शिट्टी काढून ठेवून, डब्यावर घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर पंचवीस मिनिटं. झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर वाफेचं पाणी टपकून वर खड्डे पडतात. आच मोठी झाली की जाळी पडते आणि कापल्यावर पाणी सुटतं. काहींना जाळीदारच आवडतो, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. सुरी मध्यभागी घालून स्वच्छ बाहेर आली की झालं. पूर्ण गार करून, फ्रिजमध्ये तीन तास ठेवून मगच वड्या पाडा.

चीक मिळालाच नाही तर: गोड आटवलेल्या दुधाचा ४०० ग्रॅमचा डबा, तेवढंच साधं दूध, तेवढाच टांगून पाणी काढलेला दह्याचा चक्का, फेटून तसंच वाफवायचं. छान लागतं. पण ते खरवस नव्हे, बंगालात त्याला भापा दोई म्हणतात. परदेशात राहणाऱ्यांना मात्र हाच आधार.

---

अर्धीभाकर

चौथं पुस्तक शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५). मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाण्याबद्दल, पाककृतींसकट. भूषण कोरगांवकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये आला, त्यामुळे इंग्रजी वाचणारं कुणी असेल तर सोय आहे. पदार्थ आणि पुस्तक जोडीने हवं म्हणता, तर यापेक्षा नेमकी जोडी सापडणार नाही. नाव वाचतानाच कळतं की 'पूर्णब्रह्म' म्हणणाऱ्यांच्या ताटात काय होतं आणि कुणाच्या ताटात काय नव्हतं. तेल, तूप, मसाले जिथे परवडत नव्हते तिथे चव कशी आणली, हे त्यातल्या कृतींतून दिसतं.

चान्या, म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, हा त्यातला महत्त्वाचा पदार्थ तुमच्या डब्यात येणार नाही. पुस्तक आलं त्याच वर्षी राज्यात बैल-वळूंच्या मांसावरही बंदी आली, हे बोलण्यात मात्र यायला हवं. आणि एक आगाऊ सूचना: चान्या वगळून त्यातलाच एखादा 'सोपा' पदार्थ करून आपण ते जेवण जेवलो असं मानू नका. त्यापेक्षा मराठवाड्यातलाच, पुस्तकाशी न जोडलेला पदार्थ करा. माझ्या मते शेंगोळी.

हुलग्याचं (कुळथाचं) पीठ ४ वाट्या, ज्वारीचं १ वाटी. लसूण १ गड्डा, लाल तिखट २ चमचे, जिरं २ चमचे, हळद, मीठ, कोथिंबीर, हे वाटून निम्मं पिठात घाला, निम्मं रश्श्यासाठी ठेवा. पीठ घट्ट मळा. पुरीच्या पिठाइतकं घट्ट, अर्धा तास झाकून ठेवा. तेलाच्या हाताने करंगळीएवढ्या जाडीच्या वळ्या करून दोन्ही टोकं जोडा, किंवा लांबट ठेवा. जाड वळल्यात तर मधे कच्ची राहतात आणि हुलग्याचा कच्चा वास येतो.

पातेल्यात ४ चमचे तेल, मोहरी, उरलेलं वाटण, मग दहा वाट्या पाणी. पाणी खळखळून उकळल्यावरच शेंगोळी सोडा, आणि पाच-सहाच एका वेळी. पाणी थंडावलं की त्या विरघळतात आणि हातात पिठलं येतं. पहिली एक सोडून दोन मिनिटं बघा. सुटायला लागली तर पिठात मूठभर कणीक मळा. सगळ्या पडल्यावर पाच मिनिटं चमचा घालू नका. मग मंद आचेवर वीस मिनिटं. मोडून बघा, आत पिठाचा पांढुरका ठिपका दिसला तर अजून पाच.

शेंगोळी रस्सा पीत राहतात. तासाभराने डबा उघडाल तेव्हा रस्सा गायब असेल. तिथे तुमची किटली कामाला येईल: दोन वाट्या उकळतं पाणी, चिमूटभर मीठ, हलवून पाच मिनिटं झाकण. रस्सा जागेवर.

---

सुईदोरा

+१. आणि कुणी रंगनाथ पठारे यांचं 'सातपाटील कुलवृत्तांत' सुचवायच्या आत सांगते: पुस्तक मोठं आहे, सर्वार्थाने. भिशीच्या एका महिन्यात संपत नाही, उन्हाळ्याच्या दोन महिन्यांसाठी राखून ठेवा.

---

कोपऱ्यातला_वाचक

वाचनालयाच्या पुस्तकांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून.

चारही पदार्थांत पानांना धोका भरीत आणि शेंगोळीचा. धपाट्याचा तेलकट हात पुसता येतो. बैठकीत आधी चर्चा, मग डबा, हा क्रम ठेवा. जमत नसेल तर ओल्या फडक्याऐवजी कोरडा टर्किश नॅपकिन फिरवा. ओल्या हाताने पान उलटलं की कडा फुगते आणि ती परत सपाट होत नाही.

तेलाचा थेंब पडलाच तर चोळू नका. टिपकागदाने दाबून तेल उचला, पानाच्या दोन्ही बाजूंना टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर भुरभुरा, वर-खाली टिपकागद ठेवून पुस्तक वजनाखाली रात्रभर ठेवा. सकाळी मऊ ब्रशने झाडा. फिकट वर्तुळ उरलं तर तेच पुन्हा एकदा. पाणी, साबण, नेलपॉलिश काढायचं द्रावण यांतलं काहीही नको, शाई पसरते.

हळदीचा डाग निघत नाही. उन्हात तो फिका पडतो हे खरं, पण कागदही पिवळा पडतो. शेंगोळीच्या दिवशी पुस्तकं पिशवीतच ठेवा.

---

गवतीचहा

ठरलं. कार्तिक 'उसवण'-धपाटे, मार्गशीर्ष 'भुरा'-भरीत, पौष 'रिंगाण'-खरवस, माघ 'अन्न हे अपूर्णब्रह्म'-शेंगोळी. @म्हसोबाचीवाडी, चीक शुक्रवारी मिळाला आणि बैठक रविवारी असेल तर कच्चाच फ्रिजमध्ये ठेवायचा की खरवस करून?

---

म्हसोबाचीवाडी

करूनच ठेवा. कच्चा चीक ठेवायचा तर लगेच फ्रीजरमध्ये, आणि वापरायच्या आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवून हळू वितळू द्यायचा. गॅसवर वितळवायला गेलात तर कडेने तिथेच आवळतो आणि गाठी होतात. केलेला खरवस मात्र झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस आरामात राहतो. वड्या रविवारी सकाळीच पाडा, आधी पाडलेल्यांना पाणी सुटतं.